मसाजचे प्रकार: कोणता कशासाठी, आणि कोणी करून घेऊच नये

पायवाट

मसाज म्हटलं की नावांची रांगच लागते. स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, शियात्सू, अभ्यंग, लिम्फॅटिक ड्रेनेज, रिफ्लेक्सॉलॉजी, हॉट स्टोन, स्पोर्ट्स मसाज... आणि प्रत्येकाखाली फायदे मात्र तेच ते, रक्ताभिसरण सुधारतं, ताण जातो, शरीर शुद्ध होतं. कंबर धरून बसलेल्या माणसाला यातून काय कळणार की आपण नक्की कुठला घ्यावा? म्हणून हा धागा काढतेय. या विषयावर बरंच वाचलंय, काही प्रकार स्वतः घेतलेत, आणि इथे फिजिओथेरपीतली मंडळी आहेत हे माहितीये, तेव्हा मोकळेपणाने लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्रकाराच्या नावाला आपण फार महत्त्व देतो. दाब किती, वेळ किती, सातत्य किती यावर जास्त अवलंबून असतं. २०११ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ लोकांवर एक अभ्यास झाला होता. काहींना नुसता शांत, अंग सैल करणारा मसाज, काहींना नेमके स्नायू आणि त्यांवरची आवरणं शोधून केलेला मसाज, आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार. आठवड्यातून एकदा, १० आठवडे. दोन्ही मसाजवाल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला आराम पडला, पण त्या दोघांत फरक म्हणावा असा काही निघालाच नाही! म्हणजे ज्याला आपण 'साधा' मसाज म्हणून बाजूला सारतो तो कंबरेला तितकाच उपयोगी पडला.

वेळेचंही तसंच. मानदुखीवर २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात तासाभराची सेशन्स आठवड्यातून दोन-तीनदा घेणाऱ्यांना फायदा झाला, अर्ध्या तासाच्या सेशन्सनी तेवढं साधलं नाही. गुडघ्याच्या संधिवातातही आठवड्याला एकदा तासभर हे प्रमाण चांगलं ठरलंय. मनात आलं की एकदा जाऊन यायचं आणि मग सहा महिने विसरायचं, त्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं, बस.

---

रानजाई

पायवाट ताई, चांगला विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हाताखालून पाठी आणि खांदे जातात, म्हणून थोडं आतलं लिहिते.

पाश्चात्त्य पद्धतीच्या मसाजचा पाया म्हणजे स्वीडिश. याचं श्रेय नेहमी स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना देतात, त्यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली, पण हाताच्या ज्या हालचाली आज शिकवतात त्यांची नीट मांडणी केली ती योहान गेऑर्ग मेट्झगर या डच डॉक्टरांनी. पाच हालचाली असतात. लांब हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, अंगठ्याने किंवा तळव्याने जागच्या जागी घासणं, थोपटणं आणि थरथर देणं. बाकी बऱ्याच प्रकारांत याच हालचाली कमी-जास्त जोराने येतात.

आता आराम का पडतो. लोकांना वाटतं स्नायू दाबला म्हणजे आतली गाठ फुटली. तसं नसतं. मोठा भाग मज्जासंस्थेचा असतो. त्वचेत अशा काही बारीक नसा आहेत ज्या हळू, हलक्या स्पर्शालाच सगळ्यात चांगल्या जाग्या होतात, साधारण सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या गतीने हात फिरला तर. त्यातून मेंदूला 'सुरक्षित आहे' असा निरोप जातो, श्वास लांबतो, स्नायू आखडून धरलेले असतात ते सोडले जातात. म्हणून घाईघाईने केलेला मसाज, कितीही जोर लावला तरी, अंगाला लागत नाही.

आणि ते 'लॅक्टिक अॅसिड निघून जातं' प्रकरण कृपा करून बंद करा. व्यायामानंतर ते शरीर आपलं आपणच तासाभरात मार्गी लावतं. दुसऱ्या दिवशी जे अंग आंबतं ते त्यामुळे नाहीच, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिथे दाह होतो त्यामुळे. २०१२ मध्ये ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून मग एकाच पायाला १० मिनिटं मसाज केला आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे तुकडे तपासले. मसाज झालेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते, लॅक्टिक अॅसिडमध्ये मात्र काही फरक नव्हता. म्हणजे फायदा खरा आहे, कारण वेगळं आहे.

---

लांबपल्ला

रानजाई ताई सगळं मान्य पण मी पळणारा माणूस आहे आणि मला तरी हलक्या हाताच्या मसाजने काही होत नाही, पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू अशी दगडासारखी होते की कोपर रुतवल्याशिवाय सुटतच नाही, माझा थेरपिस्ट कोपराने दाबतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं पण दुसऱ्या दिवशी पाय हलके वाटतात. दुखल्याशिवाय गाठ सुटत नाही असं आमच्या ग्रुपमध्ये सगळेच म्हणतात. मग ते चूक का?

---

रानजाई

लांबपल्ला, पाय हलके वाटतात हे अगदी खरं असणार, त्यावर वाद नाही. प्रश्न इतकाच की त्यासाठी डोळ्यांत पाणी यायला हवं का. दुखणं असह्य झालं की शरीर बचावाला उतरतं, तुम्ही श्वास रोखता, मुठी आवळता, आणि जो स्नायू सैल करायचा तोच आणखी आखडतो. मी पेशंटला सांगते, दहापैकी सहा-सातच्या वर दुखलं तर लगेच बोला, सहन करू नका. 'हवंहवंसं दुखणं' असतं ना, दाबताना दुखतंय पण सोडू नये असं वाटतंय, तिथे थांबायचं.

गाठींबद्दल. आखडलेल्या स्नायूत एक ठिपक्याएवढी जागा दाबली की दुखणं भलतीकडेच उमटतं, खांद्याच्या वरच्या स्नायूत दाबलं तर कानशिलात, खुब्यात दाबलं तर पायात खाली. यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरांनी यावर सगळ्यात जास्त काम केलं, जॉन केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या आणि पुढे व्हाइट हाउसच्या डॉक्टर झालेल्या त्या याच. या जागा नेमक्या काय असतात यावर अजून वाद आहेत. पण दाबायची रीत सोपी आहे. अंगठा टेकवा, हळूहळू दाब वाढवा, आतून विरोध जाणवला की तिथेच थांबा आणि माणसाला सावकाश श्वास सोडायला सांगा. थोड्या वेळात बोटाखालचा ताण कमी होतो आणि अंगठा आपसूक आत जातो. रेटायचं नाही, वाट बघायची. इतकंच.

काळंनिळं पडलं म्हणजे छान डीप टिश्यू (खोल दाबाचा मसाज) झाला असं समजू नका, ती आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची खूण आहे. फार जबरदस्त मसाजनंतर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याच्या आणि त्याने किडनीवर ताण आल्याच्या केसेस आहेत. क्वचित होतं, पण मसाजनंतर अंग खूप सुजलं आणि लघवी चहासारखी गडद झाली तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

---

लांबपल्ला

हे सहा-सातचं गणित पुढच्या वेळी सांगून बघतो त्याला. धन्यवाद ताई. मसाज गनबद्दल, ते स्नायूवर धरायचं थरथरणारं यंत्र, पण लिहा कुणीतरी.

---

सांजसावली

मी एका वेगळ्याच प्रकाराबद्दल लिहिते कारण तो लोकांना फारसा माहीत नसतो. सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या, आणि नंतर तो हात सुजायला लागला. बांगडी चढेना, मग ब्लाउजची बाही चढेना. आम्ही आपलं हात दाबून द्यायचो, तेल लावून मनगटाकडून वर रगडायचो, सूज तशीच. तेव्हा डॉक्टरांनी मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे साचलेल्या लसीकेला (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाला) हलक्या हाताने वाट करून देणं, ते करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं या बाई काही करतच नाहीयेत. तेल नाही, जोर नाही. सुरुवात हातापासून नाहीच! आधी मानेजवळ, गळपट्टीच्या हाडाच्या वर, बोटांच्या पोटांनी त्वचा अलगद ताणायची आणि सोडायची, ताणायची आणि सोडायची. मग दुसऱ्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या काखेत. मग छातीवरून त्या बाजूला वाट काढायची. मग कुठे सुजलेला हात, तोही आधी दंड, मग कोपर, आणि पंजा सगळ्यात शेवटी. पुढची वाट मोकळी नसेल तर मागचं पाणी जाणार कुठे, असं त्यांनी समजावलं. दाब इतका कमी की कातडी तेवढी सरकावी, कारण लसीका वाहून नेणाऱ्या नळ्या त्वचेच्या लगेच खाली असतात आणि जोरात दाबलं तर त्या मिटतात.

पण मुख्य काम त्यानंतरच्या पट्ट्यांचं. बोटापासून वरपर्यंत थरावर थर बँडेज, वर व्यायाम, त्वचेची काळजी, आणि सूज उतरली की मापाची घट्ट बाही रोज. नुसता मसाज करून सोडून दिलं तर पाणी परत भरतं. आता हात आधीपेक्षा बराच उतरलाय, बाही घालूनच असतात.

ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी नेहमीच्या मसाजवाल्याकडे नेऊ नका. हे शिकलेली माणसं वेगळी असतात.

---

पायवाट

सांजसावली, फार मोलाचं लिहिलंस. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्याने १९३० च्या दशकात बसवली. तेव्हा सुजलेल्या लसीकाग्रंथींना हात लावायचा नाही असाच डॉक्टरांत समज होता, आणि आज कॅन्सरनंतरच्या सूजेवर ती बऱ्याच ठिकाणी उपचाराचा भाग आहे. हल्ली 'लिम्फॅटिक' म्हणून चेहरा बारीक करायला, वजन उतरवायला जे विकतात त्याचा याच्याशी संबंध नाही. पाणी थोडा वेळ इकडचं तिकडे होतं, चरबी जागची हलत नाही.

---

घोंगडं

थाई आणि शियात्सू मध्ये फरक काय? दोन्ही जमिनीवर गादी टाकून कपडे घालूनच करतात ना? मला तेल अंगाला लावलेलं अजिबात आवडत नाही म्हणून विचारतोय.

---

पायवाट

घोंगडं, दोन्ही तेलाशिवाय आणि कपड्यांवरूनच, बरोबर. थाईमध्ये दाबासोबत अंग ताणणं खूप असतं, थेरपिस्ट तळवे, कोपर, गुडघे, पाय सगळं वापरतो आणि तुम्हाला जवळजवळ योगासनंच करून घेतो, फक्त कष्ट त्याचे. बँकॉकच्या वाट फो मंदिरात १९व्या शतकात राजा तिसरा रामा याने या विद्येचे शिलालेख आणि शरीरावरच्या रेषांच्या आकृत्या कोरून घेतल्या, त्या अजून आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने नुआद थाईला (थाई मसाजचं तिथलं नाव) अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्यांचं अंग बसून बसून जखडलंय त्यांना हा मानवतो. हाडं ठिसूळ झालेली असतील, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल तर पिळायचे आणि वाकवायचे प्रकार नकोत.

शियात्सू जपानचा, २०व्या शतकात तोकुजिरो नामिकोशी यांनी रूढ केला. अंगठ्याने सरळ उभा दाब, काही सेकंद धरायचा, सोडायचा, पुढच्या जागी जायचं. ताणणं कमी. त्याच्या मागे आन्मा ही जुनी परंपरा आहे आणि तिची एक गोष्ट मला फार भावते. १७व्या शतकातल्या सुगियामा वाइची यांनी, ते स्वतः अंध होते, अंधांना सुया टोचण्याचं आणि आन्माचं शिक्षण देणाऱ्या शाळा काढल्या, आणि जपानमध्ये हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या अंधांच्या हातात राहिला. बोटांना काय कळतं याची याहून मोठी पावती कुठली!

चीनचा तुइना दोन्हीपेक्षा जोरकस असतो, त्यात ढकलणं, लाटणं, सांधे हलवणं येतं.

---

कोराकागद

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण एक विरोधी सूर लावतो. तळपायाच्या अमुक ठिकाणी लिव्हर, तमुक ठिकाणी किडनी, ते दाबलं की तो अवयव सुधारतो, ही रिफ्लेक्सॉलॉजी लोकांच्या गळी उतरवली जाते. त्या नकाशाला शरीररचनेत काहीच आधार नाही. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे १० पट्टे कल्पिले, पुढे युनिस इंगहॅम यांनी ते तळपायावर उतरवले, एवढाच त्याचा इतिहास. पाय दाबून घेतल्यावर छान झोप लागते हे खरं, आणि ते पुरेसं नाही का? पण तळपाय दुखला म्हणून 'तुमच्या किडनीत दोष आहे' असं कुणी सांगितलं की माणूस एक तर घाबरतो नाहीतर खरा आजार असताना पाय दाबत बसतो. माझ्या जवळच्या माणसाच्या बाबतीत निदानाला उशीर झालाय यात, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

'टॉक्सिन्स बाहेर पडतात' हेही तसंच. ते काम लिव्हर आणि किडनी करतात.

---

रानजाई

कोराकागद, शंभर टक्के सहमत. आणि त्यात आणखी एक भर घालते, कॉर्टिसॉल. मसाजने ताणाचं हे संप्रेरक एकदम उतरतं असं छापून येतं, पण सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर तो परिणाम फारच थोडा निघाला. तरीही चिंता कमी होते, मन हलकं होतं, विशेषतः सेशन्स सलग घेतली तर, हे त्याच प्रकारच्या पाहणीतून दिसलंय. म्हणजे फायदे फुगवून सांगायची गरजच नाही, जेवढे आहेत तेवढे भरपूर आहेत.

कंबरेचं पायवाट ताईंनी लिहिलं त्यात जोड, नवीन उसण भरली असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या शिफारशींत औषधांच्या आधी शेक, मसाज वगैरे करून बघा असंच आहे. पण दुखणं जुनं, तीन महिन्यांच्या वरचं असेल तर तिथे व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांना पुढे ठेवलंय. मीही पेशंटना हेच सांगते, मसाजने जी सैल वेळ मिळते ना, त्या वेळात व्यायाम करून घ्या. नुसतं टेबलावर पडून कंबर मजबूत होत नाही.

---

चिमणपाखरं

बाळांच्या मसाजबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी वेळेच्या खूप आधी जन्मली, काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिथल्या सिस्टरने मला शिकवलं, हात गरम करून पाठीवर स्थिर ठेवायचा, मग डोक्यापासून खांद्यापर्यंत, पाठीवरून, हातापायांवर सावकाश फिरवायचा, आणि मग हातपाय हळूच वाकवायचे, सरळ करायचे. फार हलकं केलं तर बाळ अंग चोरतं, गुदगुल्या होतात त्यांना, थोडा ठाम हात लागतो. टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये यावरच अभ्यास छापला होता, दिवसातून तीनदा १५ मिनिटं, १० दिवस, आणि त्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती ६ दिवस लवकर घरी गेली.

मला आकड्यांपेक्षा हे सांगायचंय की त्या नळ्या-वायरींमध्ये आईला करण्यासारखं काहीच नसतं, आणि हे एक काम माझं होतं. बाळाने पाठ ताणली, तोंड फिरवलं, बोटं फाकवली की थांबायचं, ते नको म्हणतंय. आणि नाकात तेल सोडू नका कधीही, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

---

घोंगडं

वडील ब्लड थिनरवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) आहेत, शुगर पण आहे, आणि सारखे म्हणतात पाय दाबून दे. दाबू का?

---

रानजाई

घोंगडं, हळू हाताने चालेल, रगडू नका, कारण ब्लड थिनरवर साध्या दाबानेही आत रक्त साकळतं. आधी दोन्ही पाय उजेडात नीट बघा. एकच पोटरी सुजलीये, गरम लागतेय, लाल दिसतेय, दाबल्यावर दुखतेय असं असेल तर हातही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. शुगरमुळे तळपाय बधिर असतील तर गरम दगड, गरम पाण्याची पिशवी असलं काही नको, भाजलेलं त्यांना कळणारच नाही. इन्सुलिन घेत असतील तर जिथे सुई टोचली ती जागा लगेच चोळू नका, औषध भरभर शोषलं जातं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते.

इतरांसाठी पण लिहून ठेवते. ताप असताना, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम असताना, ताज्या फ्रॅक्चरवर, फुगलेल्या शिरांवर थेट मसाज नाही. गरोदरपणात कुशीवर झोपवून, उशा लावून, आणि पोटऱ्यांवर खोल दाब नको कारण त्या काळात गुठळीचा धोका वाढलेला असतो. कॅन्सर पेशंटला मसाजने आजार पसरतो ही भीती सोडा, पण गाठीवर आणि रेडिएशन दिलेल्या जागेवर हात नको, प्लेटलेट्स कमी असतील तर दाब अगदी कमी, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि मान कुणालाही कडकन मोडू देऊ नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून लकवा झालेली माणसं आहेत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, दाबायचंही नाही.

मसाज गनचं राहिलं. मोठ्या मांसल स्नायूंवर, एका जागी मिनिट-दोन मिनिटं, कमी गतीवर. हाडावर, मानेवर, पोटावर नको.

---

घोंगडं

दोन्ही पोटऱ्या सारख्याच आहेत, सूज नाही, गरम नाही. तळपायाला मात्र बोट लावलेलं कमी कळतं म्हणाले. मग तेल लावू का नको? आणि दाबायचं कसं, ते पण सांगा.

---

पायवाट

थोडं तेल लावा, त्वचा कोरडी असते शुगरमध्ये. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी अभ्यंग डोकं, कान आणि पायांना विशेष करून करावा असं सांगितलंय, आणि त्याच जागी अजीर्ण झालेल्याने करू नये हेही लिहून ठेवलंय. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल ठेवू नका, पुसून काढा, तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

---

रानजाई

दाबायचं म्हणाल तर मुठीने नको, पूर्ण तळवा टेकवून घोट्यापासून गुडघ्याकडे, एका फेरीला पाच-सहा सेकंद लागतील इतकं सावकाश. एकेका पायाला १० मिनिटं बास. तळपाय बघताना बोटांच्या मधे, टाचेला भेग, फोड, काळा डाग काही दिसतंय का तेही रोज बघत जा, त्यांना स्वतःला ते जाणवणार नाही. काही दिसलं तर त्या जागी हात न लावता दाखवून घ्या. आणि उभं राहताना तळव्याला तेल राहू देऊ नका, घसरतील. मोजे घालून द्या.